मागच्या दोन सीटा

"वडाप लागलं रं, वडाप! बांबवडे, मलकापूर, आंबा! मागं दोन सीटा रिकाम्या हायत!"

बापू चौगुल्यानं मिसळीची ताटली हातात धरूनच आरोळी ठोकली, अगदी स्टँडवर सीटा भरणाऱ्या वडापच्या जीपवाल्यासारखी. आम्ही सगळे खो खो हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, हे आधीच कबूल करून टाकतो.

गाडीतून रणधीर शिंत्रे उतरला. नवी कोरी गर्द निळी गाडी. कंपनीचं नाव सांगत नाही, पण परदेशी, नावाजलेली, आणि बॉनेटखाली असं इंजिन की चालू केलं की हॉटेलातल्या कपबशा थरथराव्यात. फक्त एक गोष्ट आम्हाला बोचत होती. गाडीला चार दारं होती आणि मागं दोन ऐसपैस सीटा होत्या, मऊ कातड्याच्या, मध्ये हात टेकायला खण असलेल्या.

तेरा वर्षं झाली याला. दर रविवारी सकाळी पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या अलीकडं, एका मिसळीच्या हॉटेलापुढं आमचं मंडळ जमायचं. आठ-दहा जण, सगळे गाड्यांनी वेडे झालेले. माझं उद्यमनगरात गॅरेज, बापूचा तिथंच दोन गल्ल्या सोडून लेथचा कारखाना, डॉक्टर बोंद्रे दातांचे, आणि रणधीरची शिरोलीला फौंड्री. आमच्यात एक मत पक्कं होतं, म्हणजे मी आणि बापूनं ते पक्कं करून ठेवलं होतं. स्पोर्ट्‌सकार म्हणजे दोन सीटा. मागं सीट आली की वजन आलं, वजन आलं की गाडी वळणावर सुस्तावली, आणि मग ती स्पोर्ट्‌सकार नाही, सोयीची गाडी.

"अहो, पण पळती की ती!" डॉक्टर बोंद्रे म्हणाले. "शंभरचा वेग साडेचार सेकंदांत. तुमच्या त्या दोन सीटांच्या डब्यांपेक्षा जास्त. आणि वर चार माणसं निवांत बसतात. यापेक्षा अजून काय पाहिजे?"

"पळती म्हणून काय झालं?" बापू म्हणाला. "पळायला एसटी पण पळती उताराला."

"तुमचं डोकंच दोन सीटांचं आहे, बापू."

"आणि तुमचं दवाखान्याच्या बाकड्याचं. जेवढे पेशंट बसतील तेवढं बरं."

रणधीर गालातल्या गालात हसत होता. तो तसाच. चौथीपासून मी त्याला ओळखतो, भांडण अंगावर आलं तरी हा कपबशी उचलून चहा पिणार. मला मात्र त्या दिवशी खरंच राग आला होता. कारण ही निळी गाडी घेण्यासाठी त्यानं त्याची लाल गाडी विकली होती. लाल, दोन सीटांची, जुनी. सव्वीस वर्षं ती गाडी मी माझ्या हातानं जपली होती. तिचं इंजिन तीनदा उघडलं, तिचा पत्रा ठोकला, तिचा रंग मी स्वतः मारला. ती गेली हे मला त्यानं विकून झाल्यावर सांगितलं.

"कशाला घेतलीस ही?" मी विचारलं.

"वैजू यायलीय दसऱ्याला," तो म्हणाला. "जावई आणि ओवी पण. सहा वर्षांनी."

वैजू म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, वैजयंती. आई, म्हणजे आमच्या मालूवहिनी, गेल्या तेव्हा बारा वर्षांची होती. मग मावशीकडं नागपूरला शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. दिवाळीला फोन यायचा. "कसे आहात? बरी आहे." एवढं बोलून ठेवायची. तिच्या मुलीला, पाच वर्षांच्या ओवीला, रणधीरनं फक्त फोटोत बघितलं होतं. रात्रंदिवस ते त्याच्या मनात असायचं, पण तोंडातून शब्द यायचा नाही.

"येऊ दे की," मी म्हणालो. "त्यासाठी लाल गाडी विकायची? एक साधी घरगुती गाडी घेऊन ठेवायची बाजूला."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की आता काहीतरी बोलणार. पण तेवढ्यात बापू ओरडला, "पुढच्या रविवारी माळावर आण ती! घड्याळ लावून बघू, वडाप आहे का गाडी आहे ते!"

माळावर आमच्याच एका मित्राचा खासगी ट्रॅक होता. वर्षातून दोनदा आम्ही तिथं एकेक फेरी मारायचो, घड्याळ लावून. बक्षीस काही नाही, पण शेवटी येईल त्याची सहा महिने टर.

"आणतो," रणधीर म्हणाला. आणि मला म्हणाला, "विल्या, त्याआधी जरा ब्रेक बघून घे. माणसं बसणार आहेत."

गुरुवारी त्यानं गाडी माझ्या गॅरेजात आणून सोडली. ब्रेक बघितले, तेल बघितलं, काम तासाभरात संपलं. मग मी गाडीभोवती फिरत राहिलो.

आता माझा स्वभाव सांगतो. मी चिडवणार, टोचून बोलणार, पण माझ्या मित्राला दुसऱ्या कुणी हसलं तर मला खपत नाही. रविवारी बापू घड्याळ घेऊन उभा राहणार आणि रणधीरची फजिती होणार, हे मला सोसेना. मागच्या सीटवर बसून बघितलं. उतरलो. पान्यांची पेटी काढली.

दोन्ही सीटा, मधला खण, खालचा गालिचा, सगळं बाहेर काढलं आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. अडुसष्ट किलो! मी एकटाच टाळी वाजवली. अडुसष्ट किलो म्हणजे एक अख्खा माणूस गाडीतून उतरला. रणधीरला सांगायचं नाही, रविवारी सकाळी एकदम दाखवायचं असं ठरवलं.

आणि सीटांचं काय? तिथंच माझ्या डोक्यानं अजून एक करामत केली. एवढं चांगलं कातडं, वाया का घालवायचं? गाडीच्या सीटांच्या खुर्च्या करायच्या, खाली लोखंडी स्टँड जोडून, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी आहे. रणधीरच्या दिवाणखान्यात दोन झकास खुर्च्या होतील, जावईबापू आले की बसतील, असं माझं गणित. शुक्रवारी मी ग्राइंडर घेतला आणि दोन्ही सीटांच्या खालचे लोखंडी पाय, जे गाडीच्या तळाला बोल्टनं बसतात, ते कापून टाकले. कापलेले तुकडे भंगारात गेले. शनिवारी स्टँड जोडून टाकले. सुरेख झाल्या होत्या खुर्च्या, खोटं कशाला बोलू?

रविवारी सकाळी सातला रणधीर आला. गॅरेज बंद होतं, मी एकटाच होतो. तो चालत आला होता, काखेत ओवीसाठी घेतलेली लहान मुलांची उंच बैठक, तिच्यावर पिवळे हत्ती छापलेले.

"विल्या, मी माळावर येत नाही," तो म्हणाला. "बापूला सांग, मी हरलो असं लिहून टाक. वैजूचा काल फोन आला. दसऱ्याची वाट न बघता निघालीय. दुपारच्या रेल्वेनं येतेय. आजच!"

त्याचा चेहरा मी इतका उजळलेला कित्येक वर्षांत बघितला नव्हता. दाढी केलेली, नवा शर्ट. मला "थांब" म्हणायलाही सुचलं नाही. त्यानं जाऊन मागचं दार उघडलं.

आत उघडा पत्रा.

त्यानं ती हत्तीवाली बैठक हळूच बाहेर फरशीवर ठेवली आणि आत जाऊन त्या पत्र्यावर बसला, गुडघे छातीशी घेऊन.

"सीटा कुठं आहेत?"

मी कोपऱ्यातल्या खुर्च्यांकडं बोट दाखवलं.

"अडुसष्ट किलो कमी झालं," मी म्हणालो. "तुझी फजिती होऊ नये म्हणून रे."

"लाल गाडीला मागं एक बाकडं होतं," तो म्हणाला. "आठवतंय?"

होतं. लाल गाडी मुळात दोन सीटांची नव्हती. तिला मागं एक चिंचोळं बाकडं होतं, मोठ्या माणसाला बसता यायचं नाही, लहान मूल बसेल एवढंच.

"त्या बाकड्यावर वैजू बसायची. मी आणि मालू पुढं, वैजू मागं. दर रविवारी. सात वर्षांची होती. मग एकदा गाडी तुझ्याकडनं आली आणि बाकडं नव्हतं."

"मी काढलं होतं," मी म्हणालो. "अठरा किलो. तुला सांगितलं नव्हतं, दाखवलं एकदम."

"हां. मग रविवारी वैजू तुझ्या घरी राहायला लागली. तुझी बायको तिला थालीपीठ करून घालायची. आम्ही दोघं जायचो. नंतर मालू गेली, मी एकटाच जायला लागलो. वैजूनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. गेल्या उन्हाळ्यात मी फोनवर म्हणालो, का येत नाहीस बाळ, एकदा ये. तर म्हणाली, पप्पा, माझी जागा तुम्ही मुद्दाम काढून टाकली होती ना? मला एवढंच सांगा, मी काय केलं होतं?"

मी खालीच बसलो, जॅकच्या शेजारी. तुम्हाला सांगतो, मला त्या क्षणी माझ्याच हातांची लाज वाटली. दर रविवारी ती पोर आमच्या दारात बसून असायची, मी गाडी फिरवून परत आलो की विचारायची, "काका, आज कुठं गेला होता?" आणि मी तिला गाडीच्या गमती सांगायचो. एकदाही डोक्यात आलं नाही.

"म्हणून ही घेतली," रणधीर म्हणाला. "साधी घरगुती गाडी घेता आली असती रे. तू म्हणालास तसं. पण मग परत तेच झालं असतं, माझी हौस एका गाडीत आणि पोरगी दुसऱ्या गाडीत. मला माझ्या हौसेच्या गाडीत तिला बसवायचं होतं. एकाच गाडीत. तिला सांगून ठेवलंय, निळी गाडी आहे, मागं तुझी जागा आहे. बघू, म्हणाली. नुसतं बघू. आणि आली लगेच."

तेवढ्यात शटर वाजलं. बापू आणि डॉक्टर. माळावर निघायच्या वेळी आम्ही दोघंही दिसलो नाही म्हणून शोधत आले होते. बापूनं एक नजर गाडीत टाकली, एक खुर्च्यांवर, आणि मी चार वाक्यांत सगळं सांगितलं. तो माझ्यावर असा भडकला की शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"अक्कल गहाण टाकलीस काय रं? दुसऱ्याच्या गाडीच्या सीटा कापायच्या? विचारायचं न्हाई, सांगायचं न्हाई?"

"तूच वडाप म्हणत होतास!"

"म्हणत होतो, आणि आजबी म्हणतो! चार सीटांची गाडी स्पोर्ट्‌सकार न्हवं, ते माझं मत मरेपर्यंत बदलणार न्हाई. पण त्याची सीट त्याची हाय!" त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. "किती वाजता येणार पोरगी?"

"साडेबारा," रणधीर म्हणाला.

"माझी गाडी घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "आज तिला घरी आण, सीटा उद्या बसवू."

रणधीरनं नुसती नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी परत विचारलं नाही.

मी म्हणालो, कापलेल्या जागी पट्टी लावून वेल्डिंग मारतो, तासाभरात दोन्ही बसतील. बापूनं माझ्या हातातला वेल्डिंगचा होल्डर काढून घेतला. "पोर बसणार हाय त्यावर. टाके मारून चालणार न्हाई. चांगल्या पोलादाचे नवे पाय करायचे, लेथवर. एकेक."

मग आम्ही जे कामाला लागलो! गाडी ढकलत बापूच्या कारखान्यात नेली. सुट्टीचा दिवस, माणूस नाही, लेथवर बापू स्वतः. मी मापं घेत होतो, रणधीर भोकं पाडत होता, डॉक्टर टॉर्च धरून उभे, आणि त्यांचं तोंड चालूच.

"बापू, आता कबूल करा. मागची सीट म्हणजे काय चीज आहे ते कळलं का नाही?"

"टॉर्च सरळ धरा. सीट बसवतोय म्हणजे मत बदललं असं समजू नका."

"तुम्ही जिथं सीट बसवताय ती स्पोर्ट्‌सकार आहे."

"मी वडापला सीट बसवतोय."

रणधीर हसला. सकाळपासून पहिल्यांदा. मला तेवढ्यानंच भरून आलं, मी तोंड फिरवून पाना शोधायला लागलो.

अकराला पहिली सीट बसली. बापूनं तिच्यावर उभं राहून उड्या मारून बघितल्या. डॉक्टर स्टेशनवर गेले, तिथनं फोन केला, रेल्वे मिरजेवरनं निघाली. दुसऱ्या सीटचे तीन पाय झाले, चौथ्याला लेथवर चीर गेली. बापूनं तो उजेडात धरून बघितला आणि टाकून दिला. "हा चालणार न्हाई. नवा करून सीट बसवायला तास लागंल."

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"एकच घेऊन जातो," रणधीर म्हणाला. हात धुवायला गेला, नवा शर्ट ग्रीसनं माखला होता. उघड्या पत्र्यावर बापूनं स्वतःच्या केबिनमधली सतरंजी अंथरली.

मी माझी गाडी घेऊन मागोमाग निघालो. मला जायलाच पाहिजे होतं. वाटेत मी एक गोष्ट ठरवून टाकली होती.

स्टेशनबाहेर वैजू आली. केस बारीक कापलेले, डोळ्यांखाली प्रवासाचा शीण, पण चेहरा हुबेहूब मालूवहिनींचा. जावयाच्या खांद्यावर ओवी झोपलेली. रणधीर पुढं झाला, वैजूनं वाकून नमस्कार केला, आणि दोघंही तसेच उभे राहिले, ओळख करून दिल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवल्यासारखे. मग रणधीरनं मागचं दार उघडलं.

एक सीट आणि शेजारी सतरंजी.

वैजू ते बघत राहिली. तिच्या ओठांवरचं हसू गेलं. "एकच?" एवढंच म्हणाली.

मी मध्ये घुसलो. "वैजू, थांब. ह्या सीटा मी काढल्या. तुझ्या पप्पाला न विचारता. आणि लाल गाडीतलं तुझं बाकडंही मीच काढलं होतं, असंच न विचारता. त्यानं मुद्दाम काही केलं नाही. दोन्ही वेळा मी. जे काय बोलायचं ते मला बोल, बाळ."

ती माझ्याकडं वळली. "तुम्ही, काका?"

"मी."

आजूबाजूला रिक्षावाले ओरडत होते, हमाल जात होते. तिनं वडिलांकडं बघितलं. "मग तुम्ही काय म्हणालात, पप्पा? काकांनी ते काढलं तेव्हा?"

रणधीरला आता सुटता आलं असतं. मी त्याला वाट करून दिली होती. 'मी रागावलो होतो' एवढं म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती. पण तो शिंत्रे आहे.

"मी खूश झालो होतो," तो म्हणाला. "गाडी हलकी झाली म्हणून. विल्याला मिसळ खायला घातली. तू कुठं बसशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू काही केलं नव्हतंस बाळ. माझ्या डोक्यात आलं नाही, एवढंच खरं आहे. माझं चुकलं."

बोलता बोलता त्याचा आवाज गेला. जावई बिचारा ओवीला सावरत दुसरीकडं बघायला लागला. मी पण.

वैजूनं डोळे पुसले नाहीत. तिनं पर्स खांद्यावरून काढून सतरंजीवर टाकली. "तू पुढे बस ओवीला घेऊन," नवऱ्याला म्हणाली. आणि स्वतः वाकून मागं शिरली, त्या एका सीटवर बसली, पाय ओढून घेतले, पट्टा लावला. लहान मुली बसतात तशी मागं टेकून नीट बसली.

"चला, पप्पा."

रणधीर चाक धरून बसला. मी माझ्या गाडीशी उभा राहून बघत होतो. मागनं वैजूचा हात पुढं आला आणि त्याच्या खांद्यावर येऊन थांबला. रणधीरनं मान खाली घातली. त्याची पाठ हलत होती. गाडी काही सुरू होईना.

मागं रिक्षांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. कोपऱ्यावरचा हवालदार शिट्टी फुंकत माझ्याकडं आला.

"ओ, तुमच्याबरोबरचीच ना ती निळी गाडी? एवढी भारी गाडी, आणि बंद पडली काय?"

तीस वर्षं मी मिस्त्री आहे. माझ्या हाताखालनं गेलेली गाडी रस्त्यात बंद पडली, असं मी कुणाला म्हणू दिलेलं नाही.

"होय साहेब," मी म्हणालो. "बंद पडलीय. होईल चालू. जरा थांबा."